मानसिक आजाराचा मेडिक्लेम: मिरजेच्या विमा डेस्कवर शिकलेलं

मिरजेतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर मी अकरा वर्षं बसले. काचेपलीकडच्या आवाजावरून आजार कळायचा. डेंग्यू, पथरी, अपघात असला की माणूस लांबूनच विचारायचा, "ओ ताई, कॅशलेस हाय का हितं?" घरात कुणाला मानसिक त्रास असला, की तोच माणूस रांग संपायची वाट बघायचा, काचेच्या फटीशी तोंड आणायचा आणि हळूच म्हणायचा, "ह्याला... विमा चालतो का?"

चालतो. २०१८ पासून चालतो. पण नुसतं "चालतो" म्हणून भागत नाही, कारण माझ्या टेबलावर ज्या फाइली नाकारल्या गेल्या, त्यांतल्या निम्म्या तरी कागदाच्या चुकीने गेल्या आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच कुणी भांडलं नाही म्हणून गेल्या. म्हणून हे क्रमाने लिहिते. घरात पहिल्यांदाच असा प्रसंग आलेल्यांसाठी आहे हे. जाणकारांनी चौथ्या पायरीपासून वाचलं तरी चालेल.

कायद्यातलं एकच वाक्य

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ सालचा, लागू झाला २९ मे २०१८ रोजी. त्याच्या कलम २१ मधलं चौथं पोटकलम आपल्या कामाचं. अर्थ सरळ आहे: शारीरिक आजाराच्या उपचारासाठी वैद्यकीय विम्याची जशी सोय असते, त्याच धर्तीवर मानसिक आजाराच्या उपचाराची सोय प्रत्येक विमा कंपनीने केली पाहिजे. "त्याच धर्तीवर" हे दोन शब्द लिहून खिशात ठेवा. पुढची सगळी लढाई त्यांच्यावर आहे.

त्याआधीच्या पॉलिसींत "मानसिक व मनोकायिक विकार वगळून" अशी ओळ सर्रास असायची. कायदा आल्यावर विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, १६ ऑगस्ट २०१८ रोजी कंपन्यांना तो पाळायला सांगितलं. कंपन्या सावकाश हलल्या. मग सप्टेंबर २०१९ मध्ये नियामकाने कोणत्या गोष्टी पॉलिसीतून वगळता येणारच नाहीत त्यांची यादी काढली. तीत मानसिक आजार, ताण आणि मनोविकार आहेतच, शिवाय व्यक्तिमत्त्वाचे विकार, तोतरेपणा, डिस्लेक्सियासुद्धा आहेत. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा एकदा सगळ्या कंपन्यांना बजावावं लागलं. आता यावरून काय ते समजा.

मधल्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने एका रुग्ण महिलेच्या बाजूने निकाल दिला. तिचा दावा जुन्या वगळणुकीच्या कलमावर बोट ठेवून नाकारला होता. पॉलिसीच्या पुस्तिकेत जुनी ओळ राहिली म्हणून कायदा बाजूला ठेवता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. तुमच्या कपाटातली पुस्तिका जुनी असेल आणि तिच्यात ती ओळ दिसली, तर घाबरून क्लेम टाकायचंच सोडू नका.

डेंग्यूची कसोटी

कंपनीचं कुठलंही उत्तर आलं, की मी एक करायचे. त्या वाक्यात "डिप्रेशन" किंवा "स्किझोफ्रेनिया" असेल तिथे "डेंग्यू" घालून वाचायचे. "डेंग्यूचा उपचार या पॉलिसीत समाविष्ट नाही." हास्यास्पद वाटतं ना? मग नकार बेकायदा आहे, भांडा. "डेंग्यूसाठी ओपीडीतली तपासणी फी मिळणार नाही, भरती असेल तरच मिळेल." हे तर नेहमीचंच आहे. मग भांडून उपयोग नाही. आजार जुना, वर्षानुवर्षं चालणारा असेल तर डेंग्यूऐवजी "शुगर" घाला.

ही कसोटी दोन्ही बाजूंनी कापते हे आधीच सांगते, कारण सर्वांत जास्त निराशा इथेच होते. मानसिक आजाराच्या बहुतेक रुग्णांना भरती व्हावंच लागत नाही. महिन्यातून एकदा डॉक्टर, रोज दोन-तीन गोळ्या, जमल्यास समुपदेशन, एवढ्यावर माणूस बरा राहतो. आणि आपल्याकडच्या साध्या मेडिक्लेममध्ये नेमकं हेच येत नाही. ओपीडीचं कवच घेतलेलं नसेल तर शुगरवाल्याला गोळ्यांचे पैसे मिळत नाहीत, तसे डिप्रेशनवाल्यालाही मिळत नाहीत. कायद्याने बरोबरी दिली. शारीरिक आजारालाच जे मिळत नाही, ते इथे कुठून येणार? मला स्वतःला हा मोठा अन्याय वाटतो, पण तो क्लेमच्या अर्जाने सुटणारा नाही.

एक फट मात्र आहे आणि ती फार जणांना माहीत नसते. भरती झालीच, तर भरतीआधीच्या आणि डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च पॉलिसीत धरलेला असतो. कुठे आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस, कुठे ६० आणि ९०. त्या दिवसांतली डॉक्टरची फी, रक्ततपासण्या, औषधं, सगळ्याचं बिल लावता येतं. मेडिकलच्या दुकानातून साध्या चिठ्ठीवर औषध घेऊ नका. पक्कं बिल घ्या, रुग्णाच्या नावाचं, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

पायरी १: पॉलिसी काढा आणि चार गोष्टी शोधा

पूर्ण पुस्तिका वाचायला कुणाला वेळ नसतो. तिच्यासोबत ग्राहक माहितीपत्रक येतं, दोन-चार पानांचं. जानेवारी २०२४ पासून ते नव्या, सोप्या नमुन्यात द्यावं लागतं आणि मागितलं तर मराठीतही द्यावं लागतं. मागा. कंपनीच्या फोनवर "मराठीत पाठवा" म्हणायला लाजू नका.

त्यात विम्याची रक्कम बघा. वेटिंग पीरियड, म्हणजे विमा घेतल्यावर एखाद्या आजाराचा खर्च मिळण्याआधी किती काळ थांबावं लागतं, तो बघा. मानसिक आजारासाठी वेगळी कमाल मर्यादा टाकली आहे का ते बघा. पाच लाखांच्या पॉलिसीत मानसिक आजाराला मोजकेच हजार, असं कुठे तरी बारीक अक्षरात असलं, तर त्या ओळीवर डेंग्यूची कसोटी लावा. कसोटीला उतरत नाही ना? ती ओळ पेनने अधोरेखित करून ठेवा, पुढे तक्रारीत लागेल. आणि चौथं, वगळलेल्या गोष्टींपुढचे कोड. ते सगळ्या कंपन्यांना सारखेच असतात. कोड ४ म्हणजे निव्वळ तपासणी व निरीक्षणासाठी केलेली भरती. कोड ५ म्हणजे विश्रांती आणि नुसती देखभाल. कोड १२ म्हणजे दारू, ड्रग्ज, व्यसनाचे उपचार. मानसिक आजाराचे क्लेम बहुतेक याच तीन दारांनी बाहेर काढले जातात.

पायरी २: पॉलिसी अजून घ्यायची असेल तर

प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विमा घेण्याच्या अर्जात, खरं लिहा. एवढंच लिहून पुढे जाणार होते, पण एक गोष्ट सांगते. तासगावकडचे द्राक्षबागायतदार होते एक. फॉर्म भरताना एजंट त्यांना म्हणाला होता, "काका, झोपेची गोळी चालूय ते कशाला लिहिताय, उगाच लोडिंग लागंल." लोडिंग म्हणजे वाढीव हप्ता. काकांनी नाही लिहिलं. दोन वर्षांनी भरती झाली, कंपनीने जुनी चिठ्ठी शोधून काढली आणि माहिती लपवली म्हणून दावाही गेला, पॉलिसीही गेली. एजंटाने फोन उचलणं बंद केलं. इथे डेंग्यूची कसोटी कामाला येत नाही, कारण शुगर लपवली असती तरी हेच झालं असतं.

खरं लिहिल्यावर काय होतं? आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पीरियड लागतो, जास्तीत जास्त ३६ महिने. २०२४ पर्यंत हीच मर्यादा ४८ महिन्यांची होती. सलग ६० महिने पॉलिसी चालली, की त्यानंतर माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. ठरवून केलेली फसवणूक कंपनीने सिद्ध केली तरच नाकारता येतो. म्हणून हप्ता चुकवू नका. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा, कालनिर्णयवर लिहा, शेजारणीला सांगून ठेवा, काहीही करा.

मानसिक आजाराचा इतिहास बघून कंपनी प्रपोजलच नाकारते, असंही होतं. अशा व्यक्तींना विमा देताना आपलं धोरण काय, ते कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावं असं नियामकाने २०२० मध्येच सांगून ठेवलं आहे. ते वाचा, नकार लेखी मागा आणि दुसऱ्या कंपनीकडे जा. एकीने नाही म्हटलं म्हणून सगळ्या नाही म्हणत नाहीत.

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत कामाला असाल तर आधी एचआरला विचारा की कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे का. ग्रुप पॉलिसीत पुष्कळदा जुन्या आजारालाही पहिल्या दिवसापासून कवच असतं. पगार ईएसआयच्या, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेच्या, मर्यादेत असेल, तर तो वेगळाच आणि चांगला मार्ग आहे: उपचार तर होतातच, शिवाय दीर्घ आजारांच्या यादीत सायकोसिस धरलेला असल्यामुळे लांबलेल्या रजेत पगाराचा ८० टक्के भत्ताही मिळू शकतो. हे माहीत नसल्याने बिनपगारी घरी बसलेली पोरं मी पाहिली आहेत.

पायरी ३: भरतीच्या आधी दोन फोन

पहिला फोन हॉस्पिटलला. "तुमच्याकडे मानसोपचाराची भरती होते का, आणि मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का?" २०१७ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे लागते. जनरल हॉस्पिटलातला मानसोपचार विभागही चालतो. घोटाळा होतो तो छोट्या केंद्रांचा, जिथे चार खाटा, एक वॉर्डन आणि आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर असतात. तिथे भरती केलीत तर विम्याच्या भाषेत ते हॉस्पिटलच ठरत नाही आणि सगळा क्लेम पाण्यात जातो. वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून या गावाला दवाखान्यांची सवय आहे. थोडं फिरलात तर नोंदणी असलेली जागा सापडते. घाई करू नका, असं म्हणवत मात्र नाही. ज्या घरात रात्रभर कुणी झोपलेलं नाही, तिथे कसली आलीय नोंदणीची चौकशी. म्हणूनच हे आधी वाचून ठेवा.

दुसरा फोन विमा कंपनीला किंवा टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला. ठरवून भरती असेल तर दोन दिवस आधी, तातडीची असेल तर २४ तासांत कळवायचं, असं बहुतेक पॉलिसींत असतं. फोन केलात की तक्रार क्रमांकासारखा एक क्रमांक देतात. तो लिहून घ्या, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या.

कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असं नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकात आहे. तीन तासांच्या वर उशीर झाला आणि त्यापायी हॉस्पिटलने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. डेस्कवरच्या मुलीवर ओरडू नका हो. ती बिचारी पोर्टल रिफ्रेश करत बसलेली असते. परिपत्रकाचा उल्लेख करून कंपनीला मेल टाका, ते जास्त लवकर हलतं.

पायरी ४: डॉक्टरच्या कागदात काय असलं पाहिजे

क्लेम इथे जिंकला किंवा हरला जातो. एखाद्या ओळीत सांगून सुटणारं हे नाही.

पायाचं हाड मोडलं तर एक्स-रे दिसतो. डेंग्यूचा रिपोर्ट असतो, प्लेटलेटचा आकडा असतो. मनाच्या आजारात आकडा नाही, म्हणून पुण्या-मुंबईत बसलेला टीपीएचा डॉक्टर फक्त लिहिलेलं वाचतो. आणि आपले मानसोपचारतज्ज्ञ, देव त्यांचं भलं करो, शंभर पेशंट बघून तीन शब्द लिहितात: "ऑब्झर्व्हेशनसाठी भरती." झालं. कोड ४. क्लेम गेला. प्रत्यक्षात त्या माणसाने सहा दिवस अन्न घेतलेलं नसतं, इंजेक्शन चालू असतं, रात्रीची नर्स तासातासाला बघून जात असते. पण कागदावर फक्त "ऑब्झर्व्हेशन".

म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विनंती करा की प्री-ऑथच्या, म्हणजे कॅशलेसची आगाऊ मंजुरी मागायच्या, फॉर्मवर आणि डिस्चार्ज कार्डवर हे यावं. निदान, आयसीडी कोडसकट (आजारांच्या जागतिक यादीतला क्रमांक): डिप्रेशनला एफ ३२, बायपोलरला एफ ३१, स्किझोफ्रेनियाला एफ २०. तीव्रता. ओपीडीत उपचार का भागत नव्हते: औषध घेत नव्हता, खात नव्हता, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होता, औषधाचा डोस देखरेखीखाली बदलायचा होता, जे खरं असेल ते. रोज काय उपचार झाले त्याचा तक्ता, ईसीटी (विजेच्या सौम्य झटक्याचा उपचार) दिली असेल तर तिच्या नोंदी. "आराम", "देखभाल", "निरीक्षण" हे शब्द जिथे तिथे फेकलेले नसावेत, कारण ते थेट कोड ४ आणि ५ कडे नेतात. खोटं काही लिहून घ्यायचं नाही. झालेलं सगळं लिहून घ्यायचं, एवढंच.

जतकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. "पोरगं रातभर हिंडतंय, झोपतच नाय," म्हणाले. पहिल्या प्री-ऑथवर क्वेरी आली: भरतीची गरज काय? डॉक्टरांना मी राउंडवरून थांबवलं, त्यांनी उभ्या उभ्या आठ ओळी लिहून दिल्या. चार दिवसांची झोप नाही, घरातून दोनदा निघून गेला, एकदा हायवेवर सापडला, इंजेक्शन सुरू. दुपारी मंजुरी आली. त्या आठ ओळींत नवीन काहीच नव्हतं. बापाने ते सगळं डॉक्टरांना आधीच सांगितलेलं होतं.

"गोळ्या मध्येच सोडल्या म्हणून आजार वाढला, म्हणून क्लेम नाही", असं उत्तर आलं तर चक्रावू नका. वगळता न येणाऱ्या गोष्टींच्या नियामकाच्या २०१९ च्या त्याच यादीत हेही आहे: डॉक्टरचा सल्ला पाळला नाही, उपचार अर्धवट सोडले, या कारणासाठी वगळणूक चालत नाही. आणि गोळ्या सोडणं हा कितीतरी मानसिक आजारांचा भागच असतो, हे त्यांना कोण सांगणार.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतरच्या भरतीत कंपनी "स्वतःहून केलेली इजा" म्हणून हात वर करू बघते. पॉलिसीतलं नेमकं कलम मागा. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मानसोपचारतज्ज्ञाचं मत त्याच भरतीत घ्या आणि फाइलला जोडा. घरात आत्ता कुणी या टोकावर असेल तर क्लेमचा विचार नंतर. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

राहता राहिलं व्यसन. इथे कायदा एक बोलतो आणि पॉलिसी दुसरं. कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. पॉलिसीचा कोड १२ मात्र व्यसनाचा उपचार बाहेर ठेवतो. व्यवहारात निव्वळ व्यसनमुक्तीच्या भरतीला पैसे मिळवणं अवघड जातं. व्यसनाबरोबर वेगळं डिप्रेशन किंवा सायकोसिस खरोखर असेल, तर त्याचं स्वतंत्र निदान आणि स्वतंत्र उपचार कागदावर आले पाहिजेत. तेवढ्या भागासाठी भांडता येतं. नसेल, तर विम्याच्या मागे न लागता चांगलं केंद्र गाठा. आपल्या भागात साताऱ्याचं, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' पुष्कळांना माहीत आहे.

ऑफिसात कळेल का?

हा प्रश्न पैशांच्या आधी विचारला जातो. कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. विमा कंपनीला निदान कळणारच, त्याशिवाय ती पैसे देणार नाही. तुमच्या एचआरच्या क्लार्कला मात्र डिस्चार्ज कार्ड बघायचं काही कारण नाही. ग्रुप पॉलिसी असली तरी कागद थेट टीपीएच्या अ‍ॅपवर चढवा, पाकीट ऑफिसच्या टेबलावर ठेवू नका. आणि हॉस्पिटल कागद द्यायला टाळाटाळ करत असेल, तर कलम २५ प्रमाणे स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्कही रुग्णाला आहे.

पायरी ५: नकार आला तर

फोनवरचा नकार म्हणजे नकार नव्हे. लेखी मागा, पॉलिसीच्या कलमाच्या क्रमांकासकट. २०२४ पासून कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळता येत नाही, म्हणून पत्रात तेही विचारा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. लांबलचक नको. मी लोकांना साधारण असा मजकूर लिहून द्यायचे:

"माझ्या मुलाचा अमुक क्रमांकाचा दावा आपण अमुक कलमाखाली नाकारला आहे. त्याला मानसिक आजारासाठी अमुक तारखांना नोंदणीकृत रुग्णालयात दाखल करून सक्रिय उपचार देण्यात आले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१(४) नुसार हे उपचार शारीरिक आजाराच्या धर्तीवर विम्यात समाविष्ट असणे बंधनकारक आहे. याच पॉलिसीत शारीरिक आजारासाठी इतक्याच दिवसांच्या भरतीचा खर्च आपण दिला असता का, याचे स्पष्ट उत्तर द्यावे. न दिल्यास विमा लोकपालांकडे दाद मागण्यात येईल. सोबत डॉक्टरांचे भरतीची गरज सांगणारे पत्र जोडले आहे."

शेवटून तिसरं वाक्य काढू नका. त्याचं उत्तर देताना त्यांचीच पंचाईत होते.

त्याच दिवशी नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा. जमत नसेल तर १५५२५५ ला फोन. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी. सांगली-सातारकरांसाठी ते पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. अर्ज ऑनलाइनही होतो. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. म्हणजे तो पटला नाही तरी पुढचा रस्ता बंद होत नाही.

पुढचा रस्ता म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच आयोगाकडे जाता येतं, म्हणून मुंबईच्या मुख्यालयाची भीती नको. मुदत दोन वर्षांची. ग्राहक आयोगात केस चालू असताना लोकपाल तोच विषय घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल आणि मग आयोग हा क्रम ठेवा. आयोगाला वेळ लागतो. तोवर डॉक्टरची फाइल जपून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या कप्प्यात. २०१९ च्या पुरात सांगलीत कितीजणांच्या फाइली कृष्णेने नेल्या ते मला माहीत आहे. स्कॅन करून स्वतःला मेल करून ठेवलेलं सर्वांत बरं.

खाजगी पॉलिसीच नसेल तर

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि तिला जोडलेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आहे. केंद्राच्या पॅकेजांच्या यादीत मानसिक आजारही आहेत. कोणतं पॅकेज आपल्या जिल्ह्यात कुठे चालतं ते १५५३८८ ला फोन करून किंवा सरकारी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत घेऊन जा. मिरज आणि सांगलीचं सिव्हिल, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, तिथल्या मानसोपचाराच्या ओपीडीत गोळ्याही मिळतात. रांग असते. सकाळी लवकर जा.

फाइल लावण्याचा क्रम

खर्च खिशातून केला असेल आणि मागून रिएम्बर्समेंट मागायचं असेल, तर वरून खाली असं लावा: सही केलेला क्लेम फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, भरतीची गरज सांगणारं डॉक्टरचं पत्र, हॉस्पिटलचं अंतिम बिल फोडीसकट, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांची बिलं आणि प्रत्येक बिलामागे त्याची चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट, रद्द केलेला चेक, आधार, पॅन. मूळ कागद देण्याआधी सगळ्याच्या झेरॉक्स काढा. किती दिवसांत द्यायचं ते पॉलिसीत असतं. डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांच्या आत देऊन टाकलंत तर सहसा अडचण येत नाही. पाठवलेल्या कुरिअरची पावती फाइलच्या आतल्या कव्हरला स्टेपल करा.

जतच्या त्या मुलाचं बिल मंजूर होऊन आलं तेव्हा त्यातून काही रक्कम कापलेली होती. वडील कागद घेऊन पुन्हा काचेपाशी आले. या वेळी आवाज चांगला मोठा होता. "ताई, हे का कापलं ओ? डोक्याचा आजार म्हणून व्हय?" मी बिल बघितलं. हातमोजे, कापूस, फाइल चार्ज, बेडखालचं भांडं.

"नाही काका," म्हटलं, "हे डेंग्यूलाही कापतात."